कोठी ठेवता गा

पळसटोल्यात उतरलो तेव्हा दुपारचे तीन.
मंडईचा पाळणा अर्धाच उभा होता
आणि बोडीच्या पाळीवर एक बाई
शिंगाडे मोजून ढीग लावत होती.

बॅगेत दोन माईक, एक तिसरा उसना,
स्टँडचा एक पाय चिकटपट्टीवर जगणारा.
दंडार रात्री दहाला.
तोवर एवढंच ठरवायचं : कुठे.

उरकुडा भेंडारकर टिपऱ्या काखेत धरून आला.
"कोठी ठेवता गा?"

मी समजावायला लागलो.
दोन्ही डोकी एकावर एक, काटकोनात :
आवाज दोघांना एकाच क्षणी भेटतो,
भांडण नाही,
पण अंगणही नाही.
सगळी दंडार एका बाजेवर निजवल्यासारखी.

किंवा दोघांना दहा फूट लांब करायचं.
मग जागाच जागा. टाळ तिकडे कडुलिंबाखाली,
झीलकरी पार पानठेल्याशी.
फक्त मधे एक भोक पडतं,
आणि नेमका त्या भोकात शाहीर उभा असतो.

"मंग तं मीच पडलो ना बाप्पा."

किंवा सतरा सेंटिमीटर, एकशे दहा अंश,
माणसाच्या दोन कानांइतपत.
पट्टी मी घरी विसरलो होतो.
त्यानं वीत पुढे केली, धान बांधून बांधून ताणलेली.
जास्त होते, म्हटलं.
"मंग करंगळी मोडतो."

तेवढ्यात ढोलकीवाला फत्तू डावीकडून काही ओरडला
आणि उरकुडाला ते कळलं नाही.
चाळीस वर्षं ती ढोलकी त्याच कानाशी वाजली.
"एकाच कानानं सारा गाव आयकतो मी.
तुमचं डावं-उजवं राहू द्या.
आयकल कोन, थे सांगा."

कोण?
हे मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

"माही नातीन आयकल. सुकवारा.
मिरची तोडाले गेली खम्ममकडं.
मोबाईल हाये तिच्यापाशी,
भोंगं एकच, थेही फाटलेलं."

स्टँड पुन्हा मोकळा केला.
एक माईक सरळ उरकुडाच्या छातीकडे.
उसना त्याच्या डोक्यावर, आडवा,
समोरचं न ऐकणारा,
दोन्ही कुशींनी फक्त बाजूंचं ऐकणारा.
सरळात आडवा मिळवला की डावं,
वजा केला की उजवं,
आणि एकाच भोंग्यातून दोन्ही वाजलं
तर मिळवलेलं आणि वजा केलेलं एकमेकांना खातं.
गाव निघून जातं. शाहीर राहतो.

रात्री कुणीतरी स्टँडला मफलर अडकवला.
पाळण्याचं जनरेटर दोनदा बंद पडलं,
पोरं वर लटकलेली, किंचाळत, खूश.
तिसऱ्या गाण्याला उरकुडा गर्रकन वळला,
चांगला कान झीलकऱ्यांकडे,
पाठ माझ्या माईककडे.
मी हललो नाही. हाताच्या तळव्याला घाम, बाहेर थंडी.
पहाटे जिलेबीवाल्यानं कढई उपडी केली
तेही आलं टेपवर,
उजवीकडे, थोडं मागे.

घरी येऊन फाईल पाठवली.
आठ दिवसांनी सुकवाराचा निरोप :
आजा एकदम बराबर आयकू येते.
त्याचा सासबी आयकू येते, कडव्याच्या आधीचा.
पन पाळना कोठी गेला?
पोट्टे कोठी गेले?

मी बराच वेळ हेडफोन गळ्यात घालून बसलो.
मग दुसरी फाईल पाठवली,
नुसत्या आडव्या माईकची.
तिच्यात उरकुडा नाही, म्हणजे जवळजवळ नाही.
जनरेटर आहे.